नऊ नंबरखालची कोरडी फरशी

ट्रकच्या त्या डेपोत तिला सगळे भुसामावशी म्हणत. एका हातात लाकडाच्या भुशानं भरलेला पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात निळ्या दांड्याचा झाडू आणि कपाळावर आठ्या, हा तिचा बावीस वर्षांचा थाट. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाड्या सकाळी बाहेर पडल्या की त्यांच्या जागी तेलाचे ठिपके, ओघळ आणि थारोळी उरत. त्यांवर भुसा टाकायचा, झाडूनं घासायचा, तो तेल प्यायला की लोटून काढायचा आणि मग ओल्या पोत्यानं फरशी पुसायची, हे तिचं काम. काम करताना ती बोलायची. खरं तर ती बोलता बोलता थोडं काम करते, असं ड्रायव्हर म्हणत, पण तिच्या माघारी. तोंडावर म्हणायची एकाचीही छाती नव्हती.

तिच्या मते जगात दोनच तऱ्हेची माणसं होती, सांडणारी आणि पुसणारी, आणि पुसणाऱ्यांत ती एकटीच होती.

डेपोत बत्तीस गाड्या होत्या आणि तिला त्यांतली एकही पसंत नव्हती. चार नंबरला ती रडूबाई म्हणायची, कारण तिच्या रेडिएटरमधून सारखं हिरवं पाणी गळायचं. सतरा नंबरच्या गिअरबॉक्समधून घट्ट काळं तेल लोंबायचं. "हिचं नाक वाहतंय, कुणीतरी पुसा रे," असं ती सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. गाड्यांपेक्षा ड्रायव्हरांवर तिचा राग जास्त. "आरशाला गोंडे बांधायला यांना वेळ आहे, खाली वाकून बघायचं म्हटलं की लगेच कंबर मोडते. कंबर माझी मोडलीय, आणि वाकते मीच!" ड्रायव्हर हसत, ती आणखी चिडे आणि झाडू आणखी जोरात चाले.

बावीस वर्षं ठिपके पुसून पुसून तिला एक विद्या आली होती. कुठल्या जागी ठिपका आहे, केवढा आहे, पातळ आहे की चिकट, यावरून गाडीच्या पोटात काय दुखतंय ते तिला कळायचं. ही विद्या तिला शिकवली म्हाताऱ्या फोरमननं. त्या डेपोत तिनं मान दिला तो त्या एका माणसाला, म्हणजे त्याला ती जी काही नावं ठेवायची ती निदान तोंडावर ठेवायची.

एकदा इंजिनाच्या बाजूनं लोंबणाऱ्या एका रबरी नळीकडे बोट दाखवून तिनं विचारलं होतं, "ही मेली काय म्हणून कायम गळत असते?"

"मावशी, हिला ब्रीदर म्हणतात," म्हातारा म्हणाला. "इंजिनालाही पोट असतं. डिझेल पेटलं की थोडा धूर पिस्टनच्या कडेनं निसटून खाली पोटात उतरतो. तो बाहेर पडायला ही नळी. हा तिचा ढेकर समजा. ढेकराबरोबर तेलाचे तुषार येतात आणि नळीच्या तोंडाशी ठिबकतात. आतल्या रिंगा झिजल्या की ढेकर वाढतो आणि ठिपकाही वाढतो."

"म्हणजे गाडी खादाड आहे."

"म्हातारी आहे. तुमच्या-माझ्यासारखी. ठिपका वाढला तर मला सांगत जा. आणि ठिबकणारी गाडी एकदम कोरडी झाली, तर पळत येऊन सांगा. कोंडलेला धूर कुठून तरी वाट काढतोच. एखाद वेळी तेल हवेच्या वाटेत ढकलतो, मग इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही. हवा तोडावी लागते, गळा दाबल्यासारखी."

म्हातारा निवृत्त होऊन गेला आणि त्याच्या खुर्चीवर नवा फोरमन आला. हा गाडीला एक वायर जोडायचा, मांडीवरच्या लॅपटॉपात बघायचा आणि "सगळं ओके" म्हणायचा. नऊ नंबरचा ब्रीदरखालचा ठिपका वर्षभरात नाण्याएवढा होता तो बशीएवढा झाला, हे भुसामावशीनं त्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, स्क्रीनवर तसं काही दिसत नाही."

"फरशीवर दिसतं ना!"

"फरशी तुमचं खातं," तो म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला. खाली वाकला तर याच्या शर्टाची इस्त्री मोडेल, असं तिनं त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं.

नऊ नंबर चालवायचा तिचा जावई. सासवा म्हणे जावयाला हातावर झेलतात. भुसामावशीनं झेलला नाही, सोसला. लग्नानंतर तो लेकीला घेऊन आठ दिवसांसाठी म्हणून तिच्या दोन खोल्यांत राहायला आला, त्याला आता तीन वर्षं झाली होती. माणूस अगदी गरीब गाय. कुणी काही सांगितलं की "हो" म्हणायचा आणि खरोखर तसं करून मोकळा व्हायचा. लेक म्हणायची, "आई, किती ऐकतात गं ते!" भुसामावशी म्हणायची, "ऐकणारा बैलही असतो. त्याच्याशी कुणी लग्न करत नाही."

याआधी त्याला दोन ठिकाणांहून काढलं होतं, आणि दोन्ही ठिकाणी दुसऱ्याच्या चुकीपायी. आपली बाजू मांडायची वेळ आली की त्याची दातखीळ बसायची. या डेपोत म्हाताऱ्या फोरमननं त्याला घेतला तो भुसामावशीच्या शब्दावर. इथूनही हाकलला तर तिसरा डाग लागणार, मग त्याला पुन्हा स्टिअरिंगवर कोण बसवणार, या एका काळजीनं लेक झुरायची. भुसामावशी झुरायची नाही. ती रोज संध्याकाळी त्याला फैलावर घ्यायची.

"या, जावईबापू. तुमच्या गाडीनं आज पुन्हा माझ्या फरशीवर लाळ गाळली. तिला लाळेरं शिवून देऊ का?"

"फोरमनना सांगितलंय, आई. त्या नळीचा फिल्टर मागवलाय म्हणाले."

"मागवलाय! माझ्या नातवाच्या लग्नात येईल तो." नातवाचा अजून पत्ता नव्हता, त्यावरूनही मग चार शब्द व्हायचे. जावई मान खाली घालून जेवायचा. त्याला सासूकडून एकच चांगला शब्द हवा होता. तीन वर्षांत तो मिळाला नव्हता, तरी बिचाऱ्यानं आशा सोडली नव्हती.

अशात डेपोला नवा मॅनेजर आला. भुसामावशीनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव थेंबसाहेब ठेवलं. कारण आल्या आल्या त्यानं सगळ्या शेडच्या फरशीला फिकट राखाडी, आरशासारखा चमकणारा रंग मारून घेतला, पिवळ्या रेघा ओढल्या आणि दारात एक मोठा फलक लावला, "थेंबमुक्त डेपो". पुढच्या महिन्यापासून ज्या गाडीखाली सकाळी थेंब दिसेल ती शेडबाहेर चिखलात उभी राहील. जी कोरडी राहील तिच्या नंबरापुढे हिरवी खूण. शनिवारी मुख्य कचेरीतून मोठ्या बाई बघायला येणार होत्या आणि तोवर सगळा फलक हिरवा व्हायला हवा होता.

गळणारी गाडी दुरुस्त करा, असं त्या फलकावर कुठंच नव्हतं. थेंब दिसता कामा नये, एवढंच होतं. मग काय विचारता! एकानं ब्रीदरच्या तोंडाला पाण्याची बाटली तारेनं लटकवली. दुसऱ्यानं पायमोजा बांधला. तिसऱ्यानं गाडीखाली पुठ्ठा सरकवला आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो उचलायला सुरुवात केली. बाटल्या भरून वळणावर रस्त्यात सांडत, पायमोजे तेलानं जड होऊन लोंबत, पण शेडची फरशी मात्र कोरडी. थेंबसाहेब कौतुकानं खुणा करत फिरे.

"हे म्हणजे पोराला जुलाब झाले म्हणून त्याला नवी चड्डी शिवायची," भुसामावशी म्हणाली. थेंबसाहेबानं ते ऐकलं. दुपारी त्यानं तिला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "मावशी, फरशी कोरडीच राहणार म्हटल्यावर आता भुशाचं काम संपलं. पुढच्या महिन्यापासून मशीन येतंय. तुम्हाला आता आराम."

बावीस वर्षांचं काम एका वाक्यात पुसून झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो राग थेंबसाहेबावर निघायला हवा होता, पण साहेबांवरचा राग घरी नेऊन घरच्यांवर काढायचा, ही रीत काही तिनं सुरू केलेली नव्हती.

त्या सोमवारी संध्याकाळी जावई हात धुऊन जेवायला बसला तेव्हा ती दारात उभी होती.

"एकतीस गाड्या कोरड्या झाल्या, जावईबापू. एक तुमचीच तेवढी गळतेय. त्या बशीवर वाकून वाकून माझे गुडघे गेले. बाकीचे निदान बाटल्या तरी बांधतात."

"बाटली भरून सांडते, आई. रस्त्यावर मागच्याची मोटरसायकल घसरेल."

"मग बूच मारा तिच्या तोंडात! चार बोटांची गुल्ली ठोका आणि मोकळे व्हा. एवढंही जमत नसेल तर हातात बांगड्या भरा."

"हो," जावई म्हणाला.

मंगळवारी सकाळी झाडू हातात घेतला तर तो आखूड लागला. दांड्याचं वरचं टोक कुणीतरी करवतीनं चार बोटं कापून नेलं होतं. भुसामावशीनं सगळी शेड डोक्यावर घेतली. फिटरांच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले. "झाडूसुद्धा सोडत नाहीत मेले! उद्या माझा हात कापून जॅकखाली लावाल!" फिटर एकमेकांकडे बघत राहिले. कुणी कबूल झालं नाही, आणि आखूड झाडूनं तिला रोज चार बोटं जास्त वाकावं लागलं.

बुधवारी नऊ नंबर बाहेर गेली आणि तिच्या जागी फरशी कोरडी. भुसामावशी डबा घेऊन उभीच राहिली. बोट टेकवून बघितलं, बोट स्वच्छ. म्हाताऱ्याचं बोलणं आठवून ती तडक नव्या फोरमनकडे गेली.

"नऊ नंबरला काय केलंत?"

त्यानं काही केलं नव्हतं. पण थेंबसाहेब शेजारीच उभा होता आणि हिरवी खूण करायला खडू काढत होता. फोरमन म्हणाला, "फिल्टर बसवला. आपण हात घातला की काम होतंच."

साहेबानं त्याच्या पाठीवर थाप मारली. भुसामावशीला तो माणूस आवडत नव्हता, पण तो खोटं बोलेल, तेही इंजिनाच्या बाबतीत, असं तिला वाटलं नाही. कामचुकार असेल, पण इतका नालायक नसेल, असा तिचा त्याच्याबद्दल अंदाज होता. म्हाताऱ्यानंतर इतकं चांगलं मत तिनं कुणाबद्दल केलं नव्हतं, आणि तेच नेमकं चुकलं.

त्या संध्याकाळी तिनं जावयाला तीन वर्षांतला पहिला चांगला शब्द दिला. "आज तुमच्या गाडीनं माझे गुडघे वाचवले, जावईबापू." बस, एवढंच. तो घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला, मग कानापर्यंत हसला. लेकीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि कुणाला बरं नाहीये का, असं विचारलं.

गुरुवार कोरडा गेला, शुक्रवारही. शुक्रवारी जेवताना जावई सहज म्हणाला, "आज ऑइल मोजायची पट्टी दोनदा आपोआप वर उडाली. मी दाबून बसवली."

"मग तिच्यावर बसून गाडी चालवा," भुसामावशी म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

शनिवारी मोठ्या बाई यायच्या म्हणून तिला पहाटेच बोलावलं होतं. नऊ नंबर शेडच्या मधोमध उभी केली होती. सगळ्यांत घाणेरडी गाडी सगळ्यांत कोरडी झाली म्हणून तीच दाखवायची, असं थेंबसाहेबानं ठरवलं होतं. गाडी धुतली होती, टायरांना काळा रंग लावला होता. जावई धुतलेल्या शर्टात केबिनमध्ये बसला होता. शेवटचा हात फिरवायला भुसामावशी गाडीच्या मागच्या बाजूनं गेली आणि थांबली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात, त्याच्या बरोबर खाली एक ताजा थेंब पडला होता. नऊ नंबरच्या त्या जागी आजवर कधी थेंब नव्हता. वर पट्टीच्या बाजूलाही तेलाचे बारीक तुषार उडालेले होते.

पट्टी दोनदा वर उडाली. मग हा थेंब. कोंडलेला धूर वाट शोधत होता.

ती धावत फोरमनकडे गेली. धावत म्हणजे तिच्या गुडघ्यांना जेवढं जमेल तेवढं. "खरं सांगा. नऊ नंबरला फिल्टर बसवलाय?"

फोरमन इकडं तिकडं बघायला लागला. "फिल्टर आला नाहीये अजून. पण गाडी कोरडी झाली ना, मग झालं."

"आपोआप झाली? तिचा ढेकर कोंडलाय, गाढवा! कुणीतरी नळी बंद केलीय. ती चालू करू नका!"

आवाज ऐकून थेंबसाहेब आला. फाटकात गाडी थांबल्याचा आवाज झाला होता आणि त्याचं निम्मं लक्ष तिकडे होतं. तिनं त्याला सांगितलं, दोन वाक्यांत, शिव्या वगळून. त्यानं हसून फोरमनकडे पाहिलं. "फरशी कोरडी झाली की मावशींच्या डोळ्यांत पाणी. अहो, तुमचं काम जातंय म्हणून आता थेंब शोधायला लागलात होय?"

"साहेब, माझं काम गेलं खड्ड्यात. आत जावई बसलाय माझा!"

"तर मग खूश व्हा, आज त्याचा मान आहे. तो भुशाचा डबा घेऊन मागे जा. पाहुण्यांना दिसता कामा नये."

मोठ्या बाई आल्या. त्यांच्याबरोबर आणखी चारपाच जण होते आणि सगळे गाडीच्या पुढ्यात अर्धवर्तुळ करून उभे राहिले. त्यांच्या मागे भिंत, बाजूला खांब. थेंबसाहेबानं भाषण केलं. भुसामावशी शेडच्या टोकाला बादलीत पोतं बुडवून उभी होती. जावयाला हाक मारावी तर मध्ये पाहुणे आणि डेपोतली मिळून वीस माणसं, आणि साहेबाचं भाषण लाउडस्पीकरवर.

"चालू कर," थेंबसाहेब ऐटीत म्हणाला. इंजिन चालू झालं. "आता रेस दे. बघा बाई, धूर नाही, थेंब नाही."

जावयानं सांगितलं तसं केलं. तो सांगितलं तसं करणाराच माणूस होता. इंजिन गुरगुरलं, मग आवाज चढला. त्यानं पाय काढला तरी आवाज उतरला नाही, चढतच गेला. मागच्या नळकांड्यातून पांढरा-निळा धूर असा उसळला की फलक दिसेनासा झाला. चावी बंद केली, फरक नाही. डिझेल बंद करायची केबल ओढली, फरक नाही. इंजिन आपलंच तेल पीत सुटलं होतं. त्या किंचाळण्यापुढे लाउडस्पीकरचा आवाज मच्छरासारखा झाला. फोरमननं लॅपटॉप छातीशी धरला आणि पहिला तोच पळाला. त्याच्यामागून थेंबसाहेब, आपल्या पाहुण्यांना वाटेत सोडून.

गाडी वरच्या गिअरात टाकून ब्रेक दाबून बंद पाडता येते, हे जावयाला ठाऊक होतं. पण पुढ्यात धुरात माणसं खोकत चाचपडत होती. ब्रेकनं दगा दिला असता तर ती चिरडली असती. म्हणून तो गिअरला हात न लावता, ब्रेकवर दोन्ही पाय देऊन बसून राहिला. इंजिनाचे तुकडे उडाले असते तर पहिले त्याच्या पायांखालून वर आले असते. तरी तो उतरला नाही.

"उतर रे! उतर!" भुसामावशी ओरडली, पण ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. मग तिनं बादलीतलं पोतं तसंच गळत उचललं. केबिनच्या मागं, पायरीवर चढलं की खांद्याएवढ्या उंचीवर, इंजिनात हवा जायची जाळी होती. ज्या गुडघ्यांबद्दल सगळी शेड बावीस वर्षं ऐकत आली होती, त्याच गुडघ्यांनी ती पायरी चढली. पोत्याची चौघडी जाळीवर थापली आणि वर अंग टाकलं. जाळीनं पोतं असं ओढून घेतलं की तिचे हातही आत जातात की काय असं वाटलं. आवाज चिरका झाला, घोगरा झाला, गाडी अंगभर थरथरली, एकदा खोकली आणि मेली.

धूर निवळायला वेळ लागला, तसे पळालेले दोघं परत आले. जावई खाली उतरला. त्यानं सासूला पायरीवरून हात धरून उतरवलं. तिनं त्याच्या तोंडाकडे बघून घेतलं आणि त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

मोठ्या बाई तोंडावर रुमाल धरून पुढे आल्या. त्यांनी आधी माणसं मोजली, सगळी धड होती. मग थेंबसाहेबाकडे वळून विचारलं, "या कोण?"

"या... सफाईच्या मावशी. पुढच्या महिन्यापासून आपण त्यांना..."

"कुठंही जायचं नाही. या इथंच राहतील. मशीन नंतर बघू." थेंबसाहेबानं इतक्या जोरात मान हलवली की चष्मा सरकला.

भुसामावशीच्या मनात आलं, झालं एकदाचं. बावीस वर्षांची तेवीस होतील. तेवढ्यात गाडीखालून फोरमनचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा तो खाली वाकला होता, आणि वाकायला त्यानं नेमकी हीच वेळ निवडली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ब्रीदरच्या तोंडातून उपसून काढलेली लाकडी गुल्ली होती. चार बोटं लांब, तेलानं काळी. पण पक्कडीनं ओढताना एका बाजूचं तेल निघालं होतं आणि तिथून निळा रंग दिसत होता.

तिनं तो रंग ओळखला. मग तिनं जावयाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हटलं, "आई, तुम्हीच म्हणाला होतात." त्यात तक्रार नव्हती. एवढं सांगितलेलं काम आपल्याकडून कसं बिघडलं, हेच त्याला कळत नव्हतं.

"ड्रायव्हरचं काम!" थेंबसाहेबाला पाय टेकायला जागा सापडली. "माणसं मेली असती! हा आजच्या आज घरी जाईल, आणि असा शेरा लिहून देतो की पुन्हा कुणी हातात चावी देणार नाही. बोल, तूच ठोकलंस ना?"

जावयाची नेहमीप्रमाणे दातखीळ बसली. मग ओठ हलले. "मी..."

"गप्प बसा, जावईबापू. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये." भुसामावशीनं कोपऱ्यातला झाडू आणला, गुल्ली फोरमनच्या हातातून ओढून घेतली आणि दांड्याच्या कापलेल्या टोकाला टेकवली. बरोबर जुळली. "माझा झाडू, माझा दांडा. मी ठोकली."

मोठ्या बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही? का?"

"साहेबांना फरशी कोरडी हवी होती ना? करून दिली." तिनं थेंबसाहेबाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "गाडी बरी करा, असं कुणी म्हटलंच नव्हतं."

पण गुल्ली ठोकल्याची कबुली देणाऱ्या बाईला कामावर ठेवणं कुणाला शक्य नव्हतं, मोठ्या बाईंनाही. नऊ नंबरला त्यांनी नवं इंजिन सांगितलं, तिच्यासकट सगळ्या गाड्यांना फिल्टर सांगितले, फलक उतरवायला लावला. आणि भुसामावशीनं डबा आणि झाडू जमा करून दुपारच्या आत फाटक ओलांडलं. भुशाचा डबा परत घेताना फोरमननं मान वर केली नाही, ते तिनं बघून ठेवलं.

संध्याकाळी घरी तिघं जेवायला बसली. जावई ताटाकडे बघत म्हणाला, "आई, तुम्ही खोटं का बोललात?"

"कुठलं खोटं? सोमवारी मीच ठोकली ती, या तोंडानं. तुम्ही नुसती हातोडी मारलीत."

एवढं बोलून ती गप्प झाली, ती गप्पच. भाताला मीठ कमी होतं, ती बोलली नाही. शेजारच्यांनी जिन्यात कचरा ठेवला होता, ती बोलली नाही. रविवार तसाच गेला, सोमवारही. जावई कामावरून आला, तेलाचे बूट घालून थेट आतपर्यंत चालत गेला, तरी ती खिडकीशी बसून राहिली. लेकीनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. "अहो, मला भीती वाटतेय," ती नवऱ्याला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "आई अशी कधी गप्प राहिली नव्हती."

जावयानं पाण्यानं भरलेला तांब्या उचलला, बाहेरच्या खोलीत आला आणि सासूच्या डोळ्यांदेखत, शांतपणे, सगळाच्या सगळा फरशीवर ओतला.

पाणी पसरत तिच्या पायापर्यंत गेलं. तिनं पाय वर घेतले. पाण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"डोळे फुटले का तुमचे?" ती म्हणाली. "हात आहेत की लाकडं? तीन वर्षं फुकटचं जेवताय, तांब्या धरायचीही अक्कल नाही? आता बघत काय उभे राहिलात, पोतं घ्या! तसं नाही, आधी कडेनं. कोपरा राहिला. तो कोपरा कुणाचा बाप पुसणार?"

जावई गुडघ्यांवर बसून पुसत होता. दारात उभ्या असलेल्या लेकीकडे त्यानं मान वळवून पाहिलं आणि कोपरा पुसायला घेतला.